शाळा जवळची हवी की मोठी?

मुलांनो, तुमच्या शाळेचा पट किती? म्हणजे हजेरीपत्रकात किती नावं आहेत? तुमच्यापैकी कुणी म्हणेल सहाशे, कुणी म्हणेल बाराशे. आमच्या शाळेचा पट आहे सतरा! पहिलीत पाच, दुसरीत चार, तिसरीत सात आणि चौथीत एक. वर्ग चार, शिक्षक दोन. एक मी आणि एक आमच्या मॅडम.

आमची शाळा जिल्हा परिषदेची आहे, पारोळा तालुक्यातल्या एका लहानशा वस्तीवर. पारोळा म्हटलं की तुम्हांला तिथला भुईकोट किल्ला आठवेल. मोठ्या माणसांना आठवेल तो धुळ्याहून जळगावकडे जाणारा हायवे, रात्रंदिवस ट्रक धावणारा. आमची वस्ती मात्र हायवेपासून आत, कपाशीच्या शेतांमध्ये आहे. शाळेला दोन खोल्या. त्यातली एक ‘निर्लेखित’ आहे. म्हणजे इंजिनिअर साहेबांनी तपासून सांगितलं, की ही धोक्याची आहे, इथे मुलं बसवू नका. तिला कुलूप आहे. चारही वर्ग दुसऱ्या खोलीत आणि व्हरांड्यात बसतात. पाऊस आला की व्हरांडा आत येतो!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. परिपाठात रोज एक जण पेपरमधली बातमी वाचतो. त्या दिवशी तिसरीतल्या एका मुलाने वाचलं, की कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचा विचार चालू आहे. वाचून झाल्यावर तो खाली बसलाच नाही. म्हणाला, “सर, आपली शाळा बंद होणार का?”

सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली. खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, “आपण यावर वादविवाद करू. पण आधी सगळी माहिती गोळा करायची. माहिती नसताना जो बोलतो, तो वाद नाही घालत, नुसतं भांडतो.”

प्रश्न आला कुठून?

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने ‘समूह शाळा’ उभारण्यासाठी सगळ्या जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागवले. समूह शाळा म्हणजे काय? आसपासच्या लहान लहान शाळा मिळून मध्यभागी एक मोठी, सोयींनी भरलेली शाळा. त्या वेळी जाहीर झालेला हिशोब असा होता : वीसपर्यंत पट असलेल्या शाळा १४,७८३, त्यांतले विद्यार्थी १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७.

आम्ही हे आकडे फळ्यावर लिहिले आणि भागाकार केला. तुम्हीही करा. एका शाळेत सरासरी साडेबारा मुलं आणि दोन शिक्षक. म्हणजे एका शिक्षकामागे सहाच मुलं! वाचणाऱ्याला वाटेल, वा, काय चैन आहे! पण त्या दोन शिक्षकांना चार-पाच वर्ग शिकवायचे असतात. एक जण प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला, की उरलेला एक जण पहिलीला ‘अ’ गिरवायला देतो, तिसरीला पाढे आणि चौथीला म्हणतो, “तू जरा धडा वाच, मी आलोच.” आणि तो ‘आलोच’ कधी कधी शाळा सुटेपर्यंत येत नाही.

समूह शाळेचा नमुना म्हणून दोन ठिकाणं दाखवली गेली. एक पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि दुसरं आपल्या खानदेशातलंच, नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ. पानशेतला आसपासच्या गावांतली मुलं बसने येतात. तोरणमाळला सातपुड्याच्या डोंगरात पाडे दूरदूर विखुरलेले, म्हणून तिथे निवासी शाळा. मुलं तिथेच राहतात, तिथेच शिकतात.

हा विचार एकदम उगवलेला नाही. १९६४ ते ६६ या काळात डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग काम करत होता. त्या आयोगाने ‘शाळा-संकुल’ ही कल्पना मांडली. पण त्यात लहान शाळा बंद करायची नव्हती! जवळचं हायस्कूल आणि भोवतालच्या प्राथमिक शाळा यांनी एकमेकींना मदत करायची, प्रयोगशाळा, पुस्तकं, शिक्षकांचं ज्ञान वाटून घ्यायचं, असं ते होतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळा-संकुलाचा विचार आहे. त्याच धोरणात एक आकडा दिलाय : २०१६-१७ मध्ये देशातल्या सरकारी प्राथमिक शाळांपैकी सुमारे २८ टक्के शाळांत तीसपेक्षा कमी मुलं होती. म्हणजे आम्ही काही एकटे नाही!

दोन बाजू, आठ वक्ते

वादविवाद ठरला शुक्रवारी. तिसरी-चौथीची आठ मुलं. कोण कुठल्या बाजूने बोलणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. आपल्याला पटत नसलेली बाजूही मांडता आली पाहिजे, म्हणून.

‘मोठी शाळा’ बाजूचा पहिला वक्ता उठला तो थेट मैदानावरच. “कबड्डीला एका संघात सात लागतात. दोन संघांचे चौदा. आपण सगळे मिळून सतरा, त्यात पाच पहिलीचे. खो-खोला आठ जण ओळीत बसवावे लागतात. पहिलीची पोरं बसवली की ती ‘खो’ न मिळताच उठून पळतात!” सगळे हसले, पहिलीची पोरं सुद्धा.

दुसरी म्हणाली, “मोठ्या शाळेत प्रत्येक वर्गाला वेगळे सर असतात. आपल्याकडे सर एका वर्गाला गणित सांगतात, तेव्हा आपलं लक्ष तिकडेच जातं.” आता यावर मी काय बोलणार? खरंच होतं ते.

तिसरा म्हणाला, “तिथे वाचनालय आहे, कॉम्प्युटर आहेत. आपल्या कपाटातली सगळी पुस्तकं माझी दोन-दोनदा वाचून झाली.”

मग ‘जवळची शाळा’ बाजू उठली. “आपली शाळा घरापासून पाच मिनिटांवर आहे. पहिलीतल्या पोराला ताप आला, तर सर हाक मारतात आणि त्याची आई शेतातून येते. चार किलोमीटरवर हाक कशी ऐकू जाईल?”

“मोठ्या शाळेत बस येईल की!” समोरून कुणीतरी ओरडलं.

“बस? पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीच्या रस्त्यावर बैलगाडीचं चाक रुततं, तिथे बस येईल? आणि पहिल्या वर्षी बस येईल. पाच वर्षांनी ती बंद पडली, डिझेलला पैसे नाही आले, तर? तोवर आपली शाळा बंद होऊन गेलेली असेल.” नऊ वर्षांच्या मुलाने हा प्रश्न विचारला, तो मोठ्या माणसांनीही विचारावा असाच आहे.

तिसरी म्हणाली, “आमच्या शेजारची दोघं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. उन्हाळ्यात परत आली, की सर स्वतः घरी जाऊन त्यांना घेऊन येतात. मोठ्या शाळेला ती आली की गेली, ते तरी कळेल का?”

शेवटची वक्ती होती चौथीतली ती एकटी मुलगी. चिठ्ठीत तिला ‘जवळची शाळा’ बाजू आली होती. ती उभी राहिली, कागदावर लिहून आणलेली दोन वाक्यं वाचली आणि थांबली. मग कागद बाजूला ठेवून म्हणाली, “सर, पण चौथीत मी एकटीच आहे. माझा पहिला नंबर माझाच आणि शेवटचाही माझाच. मला वर्गात बोलायला कुणीच नाही.”

वर्ग एकदम गप्प झाला.

मीही गप्प झालो. मी मनातून ‘जवळची शाळा’ बाजूचा होतो. शाळा बंद झाली तर आम्हा शिक्षकांची बदली होते, घर-गाव बदलतं. तेव्हा माझं मत थोडं स्वतःपुरतंही असणार, हे मला त्या दिवशी कळलं. समोरच्या बाकावर एक मुलगी रोज एकटी बसते, आणि मी ते ‘वैयक्तिक लक्ष’ म्हणून मिरवत होतो!

७८ खड्यांचा रस्ता

वाद बरोबरीत सुटला. मग मी म्हटलं, “चला, रस्ता मोजून येऊ.” शेजारच्या गावच्या मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोललो, पालकांची परवानगी घेतली आणि शनिवारी सकाळी आम्ही निघालो. आठ वक्ते, दोघींच्या आया आणि मी. पहिलीतली दोन पोरंही दादा-ताईच्या मागे हट्ट करून आली. बाकीची मुलं मॅडमबरोबर शाळेत.

रस्ता मोजायचा कसा? मुलांनीच युक्ती काढली. एकाने पावलं मोजायची, शंभर झाली की दुसऱ्याने खिशात एक खडा टाकायचा. मोठ्या शाळेच्या फाटकाशी पोचलो, तेव्हा खिशात ७८ खडे होते. म्हणजे ७,८०० पावलं. एक पाऊल साधारण अर्धा मीटर धरलं, तर जवळजवळ चार किलोमीटर. वाटेत एक नाला. पाणी तेव्हा घोट्याएवढंच होतं. जाताना लागला एक तास दहा मिनिटं.

ती शाळा बघून मुलांचे डोळे मोठे झाले. आठ शिक्षक, वाचनालय, सूक्ष्मदर्शक, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह, नळाला पाणी! आमच्या चौथीच्या मुलीला तिथल्या चौथीत बसवलं. तासाभराने पाहिलं, तर ती अकरा मुलींच्या घोळक्यात होती आणि मोठ्याने हसत होती. तिला इतक्या मोठ्याने हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मग दोन्ही शाळांच्या मुलांची मिसळून कबड्डी झाली. पूर्ण सात-सातची!

परत निघालो तेव्हा ऊन वाढलं होतं. पहिलीतली पोरगी तीनदा रस्त्यात बसली. चौथ्यांदा बसली तेव्हा तिच्या दादाने तिला पाठुंगळी घेतलं. पुढे दादाही दमला, मग मी घेतलं. येताना लागला एक तास चाळीस मिनिटं. वस्तीच्या तोंडाशी एक आजी बसल्या होत्या. आमच्याकडे बघून अहिराणीत म्हणाल्या, “नालाले पूर ऊना ते पोरं कशा जातीन, गुर्जी?” म्हणजे नाल्याला पूर आला तर मुलं कशी जातील?

सोमवारी गणिताच्या तासाला हिशोब मांडला. जाऊन-येऊन रोज आठ किलोमीटर. पाचवीपर्यंत शाळेचे दिवस वर्षाला किमान दोनशे. आठ गुणिले दोनशे, म्हणजे सोळाशे किलोमीटर. पारोळ्याहून मुंबईला दोनदा जाऊन दोनदा परत आलं, तरी इतकं अंतर होत नाही! सहा वर्षांच्या पोरीने एवढं चालायचं?

कायदा काय म्हणतो?

१ एप्रिल २०१० पासून आपल्या देशात शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षण मोफत आणि घराजवळ मिळालं पाहिजे, असं तो सांगतो. आपल्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत, असं अंतर धरलंय. बघा हं, लहान मुलांसाठी अंतर कमी आणि मोठ्यांसाठी जास्त. त्यातच अर्धं उत्तर आहे.

साने गुरुजींचंच बघा. ते लहान असताना आपल्या पालगडच्या शाळेत शिकले, आणि मोठे झाल्यावर पुढच्या शिक्षणासाठी दापोलीला गेले. पुढे ते आमच्या शेजारच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले, तेव्हा तिथल्या छात्रालयाचीही जबाबदारी त्यांनी सांभाळली. लांबून आलेल्या मुलांना नुसती इमारत पुरत नाही, जीव लावणारं माणूसही लागतं, हे त्यांना ठाऊक होतं.

ज्यांनी घाई केली, त्यांचं काय झालं?

डिसेंबर २०१७ मध्ये आपल्या राज्यात दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठवण्याचं ठरलं, तेव्हाही मोठा वाद झाला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं चक्क बकऱ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली. ही धरणामुळे उठून दुसरीकडे वसलेली वस्ती. शाळा दूर नेणार असाल, तर आमची दप्तरं परत घ्या आणि आम्हांला वळायला बकऱ्या द्या, असं त्या मुलांचं म्हणणं होतं. शाळा लांब गेली की मुलं कुठे जातात, हे त्यांनी न भांडता दाखवून दिलं.

परदेशातही असंच झालंय. चीनमध्ये २००१ नंतर खेड्यांतल्या हजारो लहान शाळा मोठ्या शाळांत मिसळल्या. लहान मुलांना लांबचा प्रवास आणि वसतिगृह नशिबी आलं. शेवटी २०१२ मध्ये तिथल्या सरकारनेच सांगितलं, की आंधळेपणाने शाळा बंद करणं थांबवा.

पण मुलांनो, याचा अर्थ मोडकी शाळा तशीच ठेवायची असा नाही! ऑगस्ट २०१७ मध्ये आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निंबोडी गावी शाळेची खोली कोसळून तीन मुलं दगावली. जुलै २०२५ मध्ये राजस्थानच्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदी गावी असंच होऊन सात मुलं गेली. ‘आमची शाळा आमच्या वस्तीतच हवी’ असं म्हणणाऱ्याने ‘ती पक्की आणि चांगलीही हवी’ असं त्याच दमात म्हटलं पाहिजे. शाळा लहान आहे म्हणून ती आपोआप चांगली होत नाही.

चांगली करता येते, हे मात्र खरं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीची शाळा लहानशीच. तिथे रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ मध्ये रुजू झाले, तेव्हा इमारतीची दशा झाली होती. तिथे शिकवतानाच २०२० मध्ये त्यांना जगातला मोठा शिक्षक-पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेचा पट तीनवर आला होता. दत्तात्रय वारे गुरुजी आणि गावकरी मिळून कामाला लागले. २०२५ मध्ये ती शाळा जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत, लोकसहभागाच्या विभागात, पहिल्या दहांत जाऊन बसली!

मग आम्ही काय ठरवलं?

सहलीच्या दुसऱ्या आठवड्यात चौथीच्या मुलीने विचारलं, “सर, त्या शाळेत पुन्हा कधी जायचं?” त्यातूनच आमची वाट निघाली. आता महिन्यातला एक शनिवार दोन्ही शाळा एकत्र भरतात. एकदा आम्ही तिकडे जातो, एकदा ती मुलं इकडे येतात. आम्ही जातो तेव्हा लहानांसाठी गावातल्या एका काकांचा छोटा टेम्पो असतो आणि मोठे चालतात. त्यांच्या वाचनालयातली वीस पुस्तकं दर महिन्याला आमच्या कपाटात येतात. चौथीची मुलगी तिथल्या मैत्रिणींना पत्रं लिहिते. तिचं शुद्धलेखन एवढं सुधारलंय की विचारू नका!

आणि खोलीचं? पालकांनी वर्गणी काढून व्हरांड्यावर नवे पत्रे टाकले. कुलूपबंद खोली पाडून नवी बांधणं काही वर्गणीचं काम नाही. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून अर्ज दिलाय. पालकहो, हे तुमच्यासाठी सांगतो. या समितीत कायद्याने पाऊण भाग सभासद पालकच असतात, आणि शाळेचा विकास आराखडा करणं हे तिचंच काम आहे. समितीच्या बैठकीला जात जा. शाळा ठेवायची की हलवायची, हे ठरण्याआधी रस्ता, नाला आणि सहा वर्षांचं पोर, या तिन्हींची बाजू तिथे कुणीतरी मांडली पाहिजे.

अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. आमची शाळा राहील की जाईल, हेही मला माहीत नाही. पण त्या दिवशी परिपाठात न देता आलेलं उत्तर आता माझ्याजवळ आहे. लहान मुलांची शाळा त्यांच्या पावलांच्या टप्प्यात हवी, आणि मोठ्या शाळेतलं जे जे चांगलं, ते त्यांच्यापर्यंत चालत आलं पाहिजे. मुलं मोठी झाली, पाय बळकट झाले, की जातीलच ती लांब. तेव्हा त्यांना अडवायचं नाही.

करून पाहा

१. घर ते शाळा किती पावलं? शंभर पावलांना एक खडा, या पद्धतीने मोजा. त्याचे किलोमीटर करा, मग वर्षाचे.

२. तुमच्या शाळेची पहिली खोली कुणी, कधी बांधली? आजी-आजोबांना विचारा. कदाचित त्यांनीच डोक्यावरून विटा वाहिल्या असतील!

३. ‘जवळची शाळा की मोठी शाळा’ यावर वर्गात वाद घाला. बाजू चिठ्ठी टाकून ठरवा. आणि शेवटच्या बाकावर गप्प बसलेल्याला आधी बोलू द्या.